टायपिंगवाल्या मथुराबाई आणि तीन भाषा

मथुरा पाध्ये रत्नागिरीत मारुती आळीत टायपिंगचा क्लास चालवत. बावीस वर्षं कोर्टाचे कागद आणि नोकरीचे अर्ज त्यांच्या बोटांखालून गेले होते. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच, पण मजकुरात काही अडलं, की विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

१९८६ साली, गणपती झाल्यावर गणिताचे प्राध्यापक गोपाळकृष्ण शेवडे हस्तलिखित घेऊन आले. कॉलेजात नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि त्यांनी मुलांसाठी टिपण लिहिलं होतं. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढायची, काम एकच. पण बेसिक, फोरट्रान आणि कोबोल अशा कॉम्प्युटरच्या तीन भाषांत.

बेसिक दहा मिनिटांत उरकलं. फोरट्रानची प्रत्येक ओळ सहा घरं सोडून सातव्या घरात सुरू होत होती. "सोवळ्यातली दिसते," असं म्हणत मथुराबाईंनी टॅब लावला. कोबोलला दोन पानं लागली, बोटं दुखली. पण गंमत म्हणजे ते त्यांना वाचता येत होतं. काय मिळवायचं, कशाने भागायचं, सगळं साध्या इंग्रजी वाक्यांत. प्रत्येक वाक्यापुढे पूर्णविराम. एकापुढे मात्र नव्हता.

सर आल्यावर त्यांनी तिथे बोट ठेवलं. "हा राहिला का हो?"

"राहिलाच की! मशीन इथेच अडलं असतं."

"आणि बेसिकात ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर का?"

"मागाहून एखादी ओळ सुचली तर पंधरा नंबर देऊन मध्ये घालता येते."

"म्हणजे माणूस विसरणार हे धरूनच चालते. समजूतदार आहे."

सरांना मजा वाटली. "मग यातली सोपी कुठली?"

"टाइप करायला बेसिक. वाचायला कोबोल."

"मुलं म्हणतात, कोबोल फार वटवट करते."

"करेना का! काय म्हणते ते कळतं ना?"

शनिवारी सरांनी त्यांना कॉलेजात बोलावलं. चपला बाहेर काढून त्या मशीनपुढे बसल्या आणि बेसिकची पहिली ओळ झरकन मारली. पडद्यावर उमटलं, 'सिंटॅक्स एरर'.

"वाक्यरचना चुकली म्हणतंय," सर वाकून बघू लागले. "पण सगळं बरोबर दिसतंय!"

मथुराबाईंनी ओळ पुन्हा मारली, या वेळी आपल्या बोटांकडे बघत. मग त्या एकदम हसल्या. "सर, दहा नंबरातला हा एक नव्हे, एल आहे! माझ्या टाइपरायटरवर एकाची कळच नाही. आम्ही एकाच्या जागी छोटा एल मारतो."

एकाची कळ शोधून त्यांनी सगळं पुन्हा उतरवलं. अठ्ठावन्न, चौसष्ट, सत्तर असे गुण दिले. चौसष्ट उत्तर आलं. मथुराबाईंनी कागदावर बेरीज-भागाकार करून आकडा ताडून पाहिला. मग विचारलं, "विषय चार असले तर?"

तेव्हापासून दर शनिवारी त्या मुलांना कळांवर बोटं ठेवायला शिकवू लागल्या. बदल्यात तासभर मशीन त्यांचं. कोबोल लवकर जमली. फोरट्रानने मात्र शिमग्यापर्यंत दमवलं. ती जमली त्या दिवशी सरांनी पेढा दिला. तो हातात तसाच धरून त्या म्हणाल्या, "सर, ती चौथी भाषा आहे ना, त्या पास्कलमध्ये एवढे अर्धविराम कशाला हो?"