बटण बंद करणारा

आमच्या निश शहरात बॉयलर चालू ठेवून कुणी अंघोळ करत नाही. शॉक बसेल, ही भीती. शेजारच्या मिलुंका काकूंच्या बॉयलरचं बटण बाथरूमच्या दाराबाहेर होतं आणि ते बंद करायचं काम चाळीस वर्षं त्यांच्या नवऱ्याचं, रादिसावकाकांचं. ‘केला गं बंद, जा आता,’ हे ऐकल्याशिवाय काकू पाण्याखाली जात नसत.

काका गेले, आणि त्याच हिवाळ्यात बॉयलरही गळायला लागला. मी नळकामवाला, मीच नवा बसवून दिला.

“काकू, हा बंद करायची गरज नाही. कुणावर अवलंबून राहायला नको.”

“मोठा शहाणा आलास,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी त्या टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या दारात उभ्या.

“चल, बटण बंद कर. आणि सांगताना जरा वैताग, ते वैतागायचे तसा.”