आजीला तू, दादीला आप

गवार अर्धी मोडून झाली होती, अर्धी अजून ताटात, तेवढ्यात बेल वाजली. भानुमतीबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. दारात समोरच्या क्वार्टरमधल्या सक्सेनाबाई, आणि त्यांचं बोट धरून निहार, भानुमतीबाईंचा सहा वर्षांचा नातू.

सक्सेनाबाई लखनौच्या. पाळण्यातल्या बाळालाही "आप दूध पीजिए" म्हणणाऱ्या. त्यांच्याकडे मोठं माणूस आलं की मुलं उठून उभी राहतात.

"भाभीजी, बच्चा बहुत प्यारा है," त्या हळूच म्हणाल्या, "पर आज मेहमानों के सामने इन्होंने मुझसे कहा, 'दादी, तू बैठ, पानी मैं लाता हूँ.' सक्सेना साहब का मुँह उतर गया. अब बारह दिन... मुश्किल होगा."



दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात मुलाकडे येऊन त्यांना चार वर्षं झाली. केतन सरकारी नोकरीत, सून विनया गुरुग्रामला कंपनीत. निहार दीडला शाळेतून येतो तो आजीच्याच हवाली. तीन नवरात्रं वाईच्या घरात दिवा लागला नव्हता. देव शेजारच्या भीमाबाईंच्या देव्हाऱ्यात पाहुणे होऊन बसले होते. यंदा सगळ्यांची मोट बांधून वाईला जायला बारा दिवस मिळाले. गुरुवारचं तिकीट होतं. दुपारी निहारला सांभाळायला सक्सेनाबाई हो म्हणाल्या होत्या, आणि सवय व्हावी म्हणून तो रोज तासभर तिकडे जात होता.

"अहो, हमारे में आजी को तूच बोलते हैं," भानुमतीबाई म्हणाल्या. "आई को तू, देव को भी तू. प्रेम से. आप अपने कान्हाजी को आप बोलती हो क्या?"

सक्सेनाबाईंना हसू आलं. "भगवान बुरा नहीं मानते, भाभीजी. सक्सेना साहब मानते हैं."



संध्याकाळी विनया म्हणाली, "आई, त्याला ओरडू नका हं. ऑप्शन द्या. ऑप्शन दिला की मुलं ऐकतात."

"कसला गं ऑप्शन? आप म्हण, नाहीतर आप म्हण?"

केतन सोफ्यावरून ओरडला, "आम्हाला तू धपाटा द्यायचीस की नाही, तोच ऑप्शन होता!"

"म्हणून सरळ वागतोस," म्हणत त्या स्वयंपाकघरात गेल्या.

सोमवारपासून शिकवणी लागली. भानुमतीबाई डोक्यावर पदर घेऊन सक्सेनाबाई व्हायच्या.

"दादी, आप बैठ," निहार म्हणायचा.

"बैठ नाही रे. बैठिए."

"दादी, आप बैठिए, तू पानी पी."

पुन्हा पहिल्यापासून. एका वाक्यात आप धरला की दुसऱ्यात तू निसटायचा. घसा कोरडा पडायचा, गुडघे ठणकायचे, कणीक भिजवायची राहून जायची. दिवेलागणीला निरांजन लावताना त्या देवीला एवढंच म्हणायच्या, "आई अंबाबाई, आता तूच बघ गं."

बुधवारी दुपारी त्या स्वतःच त्याला समोर घेऊन गेल्या. सक्सेना साहेब पेपर वाचत होते. निहार पाय जुळवून उभा राहिला. "दादाजी, आप कैसे हैं? आप चाय पी लीजिए, ठंडी हो जाएगी."

साहेबांनी पेपर खाली ठेवला. "अरे वाह! जीते रहिए."

सक्सेनाबाईंनी भानुमतीबाईंचा हात दाबला. "आप बेफ़िक्र होकर जाइए."

घरी येऊन त्या खुर्चीत बसल्या, पाय लांब करून. एवढ्यात निहार पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून आला.

"आजी, तुम्ही पाणी घ्या. तुम्ही थकलात का?"

त्यांनी ग्लास घेतला, पण तो तोंडाला लावायचं सुचेना. या घरात त्यांना तुम्ही म्हणायची ती फक्त सून. पोरगं कुठेच चुकलं नव्हतं. शिकवलं तेच, न सांगता, मराठीतही आणलं होतं. 'अरे, मला तू म्हण' हे ओठांवर आलं. पण आज हे सांगितलं तर उद्या समोर जाऊन पुन्हा घोटाळा करेल, आणि गाडी गेली की निस्तरायला आपण नाही.

"नाही रे राजा," त्या म्हणाल्या. "फार नाही थकले."

"तुम्ही परत कधी येणार?"

"दसरा झाला की."

तो खेळायला पुन्हा समोर पळाला. भानुमतीबाईंनी पाणी संपवलं, पायात चपला सरकवल्या आणि पिशवी घेतली. त्याचे शाळेचे मोजे टाचेला विरले होते. सरोजिनी नगरच्या बाजारात जाऊन दोन जोड आणायचे होते.