हिरव्या पिशवीतली डिस्क

लिफ्टच्या कंपनीत त्याला सगळे डबल म्हणायचे. ब्रेक इतर लोक एकदा तपासतात, हा दोनदा तपासायचा. दार इतर लोक एकदा ओढून बघतात, हा दोनदा ओढायचा. जोडीला असलेले मेकॅनिक वैतागायचे, पण एकतीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही लिफ्टने कुणाला दगा दिला नव्हता, तेव्हा ब्र काढायची सोय नव्हती. फारच चिडवलं तर तो एवढंच म्हणायचा की लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत.

घरचा कॉम्प्युटरही त्याने एका दोरावर टांगला नव्हता. दर रविवारी सकाळचा चहा झाला की बॅकअप. एका रविवारी निळ्या पिशवीतली डिस्क, पुढच्या रविवारी पिवळ्या पिशवीतली. घराला आगच लागली तर दोन्ही बरोबरच जळतील, म्हणून तिसरी डिस्क हिरव्या पिशवीत घालून गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईकडे, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीकडे ठेवलेली. महिन्यातून एकदा ती घरी यायची, ताजी व्हायची आणि परत जायची. ही ने-आण बायको करायची, कारण नणंद-भावजयीचं गूळपीठ होतं आणि तिला तेवढंच निमित्त. पिशव्याही तिनेच उरलेल्या कापडाच्या शिवलेल्या. या घरात माणसांपेक्षा डिस्कचे लाड जास्त आहेत, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

ती शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, खिडकीशी आरसा, दाराला अडकवलेला टेप. गिऱ्हाइकांची मापं आधी वह्यांत असत. मग मुलीने तिला टायपिंग शिकवलं आणि दोन बोटांनी टकटक करत तिने सगळ्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवल्या. फोल्डरचं नाव ‘शिलाई’. तो त्या फोल्डरचा वर्षानुवर्षं बॅकअप घेत आला, पण उघडून कधी बघितला नाही. लिफ्टमधून कोण वर गेलं हे मेकॅनिक थोडंच विचारतो.

शिस्तीच्या माणसाला आणखी एक खोड होती, पसारा खपायचा नाही. डिस्कवर जुना कचरा साठू नये म्हणून त्याने बॅकअपच्या प्रोग्रॅमला बजावून ठेवलं होतं की कॉम्प्युटरवर जे आहे तेच आणि तेवढंच डिस्कवर राहिलं पाहिजे. इथून गेलं की तिथूनही जाणार. या सेटिंगचा त्याला अभिमान होता. अति तिथे माती, हे त्याला कुणी सांगितलं असतं तरी त्याने दोनदा तपासून खोटं ठरवलं असतं.

बायको वर्षभर आजारी होती आणि मग गेली. पाचव्या दिवशी हा कामावर हजर. रडला नाही, चिडला नाही, रजा मागितली नाही. त्याला खरोखरच काही वाटत नव्हतं. दातांच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल जसा आपला नसतो, तसा तो सगळाच स्वतःचा नव्हता. जेवायचा, ब्रेक तपासायचा, झोपायचा. जो तो म्हणायचा, किती बारीक झालास. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं. शर्ट बघा, तेच जुने आहेत आणि अंगाला बरोबर बसतात. मला काही झालेलं नाही. मापाच्या पुराव्यापुढे लोक गप्प बसायचे. त्याचे शर्ट-पँट बायकोच शिवायची, आणि तिच्या हातचं कापड चुकीचं बसणं शक्य नव्हतं.

दोन महिन्यांनी मुलगी आठवडाभर राहायला आली. बाबांच्या डोळ्यांसमोरून आईच्या वस्तू हलवल्या तर त्यांना हलकं वाटेल, असं तिला वाटलं. तिने कपाट आवरलं, मशीनवर चादर घातली, आणि मग कॉम्प्युटरकडे वळली. परक्या लोकांच्या मापांचा आता काय उपयोग, हे काढून टाकू का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, "हं." त्या दिवसांत तो सगळ्यालाच हं म्हणायचा. चहा हवा का, हं. नको का, हं.

रविवारी त्याने नेहमीप्रमाणे कॉम्प्युटरवरची कचरापेटी रिकामी केली आणि निळ्या पिशवीतल्या डिस्कवर बॅकअप घेतला. पुढच्या रविवारी पिवळ्या. काम चोख झालं. दोन्ही वेळा पडद्यावर आलं की सगळं जसंच्या तसं आहे, आणि तो समाधानाने उठला.

आणखी तीन महिन्यांनी कोपऱ्यावरची पाववाली घरी आली. तिला आता दुसरीकडे कपडे शिवावे लागत होते आणि खांदा काही केल्या जमत नव्हता. बाईंकडे माझं माप असेल, तेवढं कागदावर उतरवून द्या, म्हणाली. जाता जाता उंबऱ्यात थांबून तिने सांगितलं, "बाई मापं घेताना कायतरी लिहीत बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, तुमच्याबद्दलच आहे, पण तुम्हाला दाखवणार नाही."

तो कॉम्प्युटरपाशी बसला. फोल्डर नव्हता. निळी डिस्क लावली, नव्हता. पिवळी लावली, नव्हता. मग सवयीने दोन्ही पुन्हा तपासल्या. मुलीला फोन केला तेव्हा ती हळूच म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं. तुम्ही हं म्हणालात."

तिचा दोष नव्हता. तिने एका ठिकाणचं पुसलं होतं, उरलेल्या दोन ठिकाणचं त्याने स्वतःच्या हाताने, वेळापत्रक लावून पुसलं होतं. बायकोने लिहिलेलं काही या घरात होतं आणि आपण ते कधी वाचलं नाही, एवढं त्याला कळलं. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी हवंसं वाटलं.

राहिली हिरवी. तिची ने-आण करणारी गेल्यापासून तिच्याकडे कुणी बघितलंही नव्हतं. एरवी असा खंड पडला असता तर त्याने घर डोक्यावर घेतलं असतं. आता तो ताईच्या दारात उभा राहिला आणि बसतही नव्हता. ताईने टेबलाचा खण ओढून पिशवी काढली. शेवटच्या वेळी भावजय स्वतः गाडी करून डिस्क घेऊन आली होती, दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या आठवड्यात, जिना चढताना तीनदा थांबली होती, असं ती सांगत होती. मग त्याच्याकडे बघून म्हणाली, "किती वाळलायस रे."

"शर्ट बघ ना, ताई. बरोबर बसतोय."

घरी येऊन त्याने डिस्क लावली. लावल्याबरोबर प्रोग्रॅम जागा झाला आणि नेहमीचा प्रश्न पडद्यावर आला, डिस्क कॉम्प्युटरशी मिळती करायची का. त्याचं बोट नेहमीसारखं ‘हो’कडे गेलं. एवढ्या वर्षांत त्याने कधी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. बोट खाली येता येता थांबलं. त्याने हात उचलून मांडीवर ठेवला, दोन श्वास घेतले, प्रश्न पुन्हा वाचला आणि ‘नाही’ दाबलं.

‘शिलाई’ होता. त्याने तो आधी कॉम्प्युटरवर उतरवला, मग प्रोग्रॅमला दिलेली ती आज्ञा काढून टाकली, आणि मगच फाइल उघडली. प्रत्येक नावापुढे मापं, आणि मापांपुढे बायकोचं बोलणं. पाववालीपुढे लिहिलं होतं, ‘डावा खांदा उतरता, टोपल्या उचलून. सांगू नये, आत पट्टी घालावी.’ एकीपुढे होतं, ‘पोट आत ओढून उभी राहते. अर्धा इंच जास्तच धरावं.’ त्याला हसू आलं. तिचा आवाज कानात नव्हता, पण बोलायची तऱ्हा तीच. पाववालीचं माप त्याने कागदावर लिहून घेतलं. आत पट्टी घालावी, एवढं लिहिलं, कारण लिहिलं नाही.

सगळ्यात खाली ‘घरचे’ म्हणून एक पान होतं. त्यात मुलगी होती, ताई होती, आणि शेवटी तो. एकवीस वर्षांची मापं, तारखांसकट. छाती, कंबर, बाही वर्षानुवर्षं तीच. शेवटच्या दहा महिन्यांत मात्र नोंदी दाटीवाटीने आलेल्या. कंबर अर्धा इंच कमी. पुन्हा अर्धा. छाती एक इंच कमी. सगळ्यात शेवटची नोंद ती भरती होण्याच्या बारा दिवस आधीची होती.

‘ह्यांची कंबर एकूण अडीच इंच कमी. झोपलेले असताना टेप लावला. सहाही शर्ट आणि पँटी आत घेतल्या, हुकं सरकवली. कळलं नाही त्यांना. सांगितलं तर म्हणतील, मला काही झालेलं नाही. कापड कापलेलं नाही, माया आत ठेवली आहे. अंग धरलं की कुणाकडूनही उसवून घ्यावेत.’

त्याने अंगातला शर्ट काढला आणि उलटा केला. नव्या शिवणीच्या बाहेर, बोटभर अंतरावर, जुनी टीप उसवलेल्या जागी सुईची बारीक भोकं ओळीने दिसत होती. कपाटातले बाकीचे पाच काढले. पाचांनाही तशीच दुहेरी खूण. तिला जिना चढवत नव्हता तेव्हाचं हे काम होतं. तो रोज सकाळी हेच शर्ट घालून तिच्यासमोरून कामावर गेला होता.

दाराला टेप अजून अडकवलेला होता. त्याने तो कमरेला लावला, आकडा बघितला, पुन्हा लावला. मग उघड्या अंगानेच त्याने ताईला फोन लावला. ताईला वाटलं, डिस्क बिघडली.

"डिस्क ठीक आहे," तो म्हणाला. "ताई, मी बारीक झालोय गं."

आणि मग त्याला पुढे बोलता येईना. पलीकडे ताईने फोन ठेवला नाही.