पावशेर चुना

मोल म्हणजे काय, हे वैष्णवीला पहिलं सत्र संपत आलं तरी कळलं नव्हतं.

पिंपळगावच्या पुढे मळ्यात घर. सकाळची बस पकडून नाशकात कॉलेज. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे सगळं इंग्रजीत. रसायनशास्त्राची सूत्रं पाठ होती, गणितंही पाठ होती. पण एवढ्याशा कणांची एवढी अवाढव्य संख्या घेऊन करायचं काय, ते डोक्यात शिरत नव्हतं. मैत्रीण मनाली म्हणायची, "समजून कशाला घेतेस? मार्क मिळतात ना?"

एका प्रॅक्टिकलला मॅडमनी टेबलावर बाटली ठेवली. आत निळे खडे.

"मॅडम, हे तर मोरचूद," वैष्णवी बोलून गेली. "आमच्या पडवीत गोणी आहे याची."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "मग सांग, तुझ्या वडलांच्या एक किलोत मोल किती?"

चार आले. खडे तेच होते, पण आता त्यांची मोजदाद होत होती. त्या दिवसापासून तिला रसायनशास्त्र लागलं, एखाद्याला तंबाखू लागते तसं. घरी ती मिठाचे मोल काढायची, साखरेचे काढायची. आई म्हणायची, "भाकरीचे काढ एकदा."

वडील वाल्मीक. ती त्यांना नाना म्हणे. त्यांची एक एकर द्राक्षबाग. पावसाळ्यात पानांवर रोग येऊ नये म्हणून ते मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून फवारत. गावात त्याला बोर्डो म्हणतात. नुसतं मोरचूद पान जाळतं. चुना त्याला शांत करतो. चुना किती घालायचा, याला नानांकडे माप नव्हतं. विळा होता. घासून लख्ख केलेलं पातं ड्रममध्ये बुडवायचं. त्यावर मोरचुदातल्या तांब्याचा तांबूस थर चढला तर चुना कमी. पातं स्वच्छ राहिलं की झालं. आणि मग वर एक ओंजळ, मनाच्या समाधानासाठी. त्या ओंजळीने फवारणी पंपाचे नोझल तुंबायचे. नाना चिखलात बसून ते तारेने टोकरत.

"नाना, इतका चुना लागतच नाही," पुढच्या पावसाळ्यात ती म्हणाली. "मोरचुदाच्या चार मोलला चुन्याचे चार मोल. किलोला पावशेर पुरे. नोझल तुंबणार नाहीत."

"पावशेर?"

"गणित आहे ते."

नानांनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं, ते तिने नंतर खूपदा आठवून पाहिलं. पडवीतल्या उघड्या पोत्यातून त्यांनी पावशेराच्या हिशोबाने चुना काढला. ड्रम ढवळला. तिने सवयीने विळा पुढे केला.

"आज विळा नको," नाना म्हणाले. "आज हिशोब हाय."

विळा खुंटीला गेला. नोझल एकदाही तुंबले नाहीत. संध्याकाळी नानांनी बांधापलीकडे भावाला हाक मारली, "रंगनाथ, पोरीनं काढून दिलं बरं का!"

दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मग डाग. मग पानं गळायला लागली. छाटणीला अजून अवकाश होता. पान नसलेल्या वेलीचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, अवेळी फुटतात, आणि आत्ता फुटलेला डोळा छाटणीनंतर घड देत नाही. हे वैष्णवीला कुणी सांगायला नको होतं. ती याच बागेत वाढली होती.

रंगनाथकाका बांधावर आले. "काय वो शास्त्रज्ञबाई, बाग भाजली का उकडली?" मग भावाकडे वळले. "पाठव अजून कॉलेजला. लय झालं शिक्षण. पुढच्या साली स्थळं बघ."

नाना खाली बसले होते. हातात गळलेलं पान. "तिचं नाय काही. पाणी मीच कमी घातलं."

"तू? मिसरूड फुटल्यापासून बोर्डो करतोस."

"चुकलं. चुकत नाय का माणूस?"

वैष्णवी शेजारीच उभी होती. पाणी कमी नव्हतं, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने चिमूटभर चुना कागदात बांधून कॉलेजात नेला. मॅडमनी त्यावर आम्लाचा थेंब सोडला. चुना फसफसला.

"कधीचा आहे?"

"मागच्या सालचा. पोतं उघडंच असतं."

"हवा लागून अर्धा खडू झालाय. त्याने मोरचूद तितकं शांत होत नाही. पुस्तकातला चुना शुद्ध असतो, वैष्णवी." मॅडमनी कागद परत बांधला. "हे मी वर्गात सांगायला हवं होतं."

कारण कळलं. ते घेऊन ती बसने परत आली. बागेत उघड्या काड्यांवर कोवळी पालवी आली होती, हिरवीगार. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं, काय बहरलीय.

उरलेली पानं वाचवायला पुन्हा फवारणी आली. नानांनी नवा चुना आणला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "किती घालू?"

तिने आकडा सांगितला.

"बरं. तू नीघ, बस चुकंल."

संध्याकाळी विळा खुंटीलाच होता, पुसलेला. पण मुठीजवळच्या खाचेत तांबूस रंग राहिला होता. तिचा आकडा पुन्हा चुकला होता, की नानांनी चुना घालता घालताच पातं बुडवलं होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

नाना जेवत होते. ती विळा घेऊन समोर बसली.

"बुडवला होता ना?"

नानांनी घास ताटात ठेवला. "तुला वाईट वाटंल म्हणून बोललो नाय."

"मग त्या दिवशी का नाही बुडवला?"

"तू हिशोब केला होता. त्याच्यावर परत विळा घालायचा म्हंजे..."

आईने भाकरी वाढली. वैष्णवीने राख घेतली आणि पातं घासायला लागली.

"यापुढे माझ्यासमोर बुडवा. आकडा मी सांगणार, विळा तुम्ही बुडवायचा. आणि काकांना उद्या सांगणार आहे, पाणी कमी नव्हतं."

"नको. तो कॉलेजचं काढील."

"काढू दे."

नाना तिच्या हातांकडे बघत राहिले. तांबूस रंग खाचेतून निघत नव्हता.

"फवारणीला थांबलीस तर पहिली बस जाईल. दुसऱ्या बसला जागा नसती," ते म्हणाले. "उभं राहून जावं लागंल."

"जाईन."