सपाटीला लावलेली गाडी

मी पाडा सोडला त्या सकाळी आयने रोजच्यासारखा चाकापुढचा दगड काढला. निरोप म्हणाल तर तेवढाच. बा केबिनमध्ये स्टिअरिंग धरून बसलेला, मी शेजारी पिशवी मांडीवर घेऊन, आणि खाली धुक्यात वाकून दगडाशी झटणारी आय. दगड निघाला, गाडी सावकाश उताराला लागली, बाने दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीने एक गचका खाल्ला आणि इंजिन लागलं. मी मागे वळून पाहिलं तर आय दगड पोटाशी धरून उभी होती. संध्याकाळी तो पुन्हा लागणार होता.

नव्वदनंतरची दोन-तीन वर्षं उलटली असतील. आमचा पाडा पेठच्या डोंगरात. बा घोटीच्या एका शेठच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. आमच्या भागातला भात गोळा करून घोटीच्या गिरणीवर पोचवायचा. त्या ट्रकचा सेल्फ, म्हणजे बटण दाबलं की इंजिनाला फिरवून चालू करणारी मोटर, कधीचा जळून गेला होता. शेठ म्हणायचा, डोंगरात राहतोस, तुला उताराचा काय तोटा? म्हणून बा रोज संध्याकाळी गाडी घराखालच्या उतारावर लावायचा, आय चाकापुढे दगड ठेवायची आणि सकाळी काढायची. हे काम तिने कधी दुसऱ्याला करू दिलं नाही. पाड्यावर गाडी म्हणाल तर ही एकच. अडलेली बाई असो की साप चावलेला माणूस, पेठच्या दवाखान्यापर्यंत तीच न्यायची. "उतार हाय तवर फिकीर नाय," असं बा म्हणायचा, आणि ते खरंही होतं.

नाशिकला द्वारकेजवळ एका वायरिंगवाल्या उस्तादाकडे मी लागलो. शहरात आल्यावर मला सर्वांत नवल कशाचं वाटलं असेल, तर गाड्या कुठेही उभ्या करतात याचं. सपाट रस्ता, सपाट मैदान, आणि कोणाच्या चाकापुढे दगड नाही. वर्षभरात माझ्या तोंडी टर्मिनल, आर्मेचर, कार्बन असले शब्द खेळू लागले आणि पाड्यावरचं बोलणं मी खोलीत एकटा असतानाच बोलू लागलो. पाड्यावरच्यांनो, तुमच्यातले जे द्राक्षबागांवर, वीटभट्ट्यांवर, कंपनीत गेले, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

उस्ताद शांत माणूस, पण एका गोष्टीवरून मात्र कान धरायचा. बॅटरीची एक जाड वायर सेल्फला जाते आणि दुसरी गाडीच्या चेसीला बोल्टने आवळतात. त्या दुसऱ्या जागेला आम्ही अर्थिंग म्हणतो. तिथे गंज राहिला तर सेल्फला पुरता करंट पोचत नाही. "अर्थिंग घासल्याशिवाय गाडीखालून बाहेर यायचं नाय, काशिनाथ," तो म्हणायचा. आधी पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत करायचं, मग वायर आवळायची. माझ्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम असायचा.

पाच-सहा वर्षांत हात बसला. आयचा दमा तोवर वाढला होता. थंडीत ती दगड उचलायची आणि मग तिथेच बसून धापा टाकायची, हे मला बाने नाही, एसटीत भेटलेल्या गाववाल्याने सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली. मी दिवसाला दोन-दोन सेल्फ बांधतो आणि माझी आय दगड उचलते. उस्तादाला विचारून मी भंगारातले सुटे भाग जमवले आणि एक जुना सेल्फ दुरुस्त करून नव्यासारखा केला. पौषातल्या एका रविवारी तो पोत्यात घालून पहाटेच्या एसटीत चढलो. वजन भरल्या हंड्याएवढं. कंडक्टर म्हणाला, "काय रं, कोणाचं मुंडकं घेऊन चाललास काय?" सगळी एसटी हसली, मीही हसलो. मी फार खुशीत होतो.

त्या दिवशीची थंडी मला अजून बोटांत आठवते. उघड्यावर, गाडीखाली पोतं अंथरून मी पाठीवर पडलो. खालच्या गवतावरचं दव पोत्यातून सदऱ्यात उतरलं. पाना हातात धरला की चटका बसावा इतका गार. आयने घमेल्यात निखारे आणले आणि एकेक पाना त्याच्या धगीला धरून मला देऊ लागली. "ह्यो घे. आता ह्यो. आधीचा दे इकडं." बा नुसता भोवती फिरत होता. इतकी वर्षं गाडी चालवूनही आज त्याला हात लावायला काही नव्हतं.

जुना सेल्फ उतरवला, नवा छातीवर घेऊन वर सरकवला, तीन बोल्ट आवळले. वायर जोडली. राहिली अर्थिंग. तिथे गंजाचा पापुद्रा होता, तो मला दिसला. पॉलिश पेपर खिशात होता. पण बोटं अशी बधिर झाली होती की खिशात हात जाईना. वरून आय म्हणाली, "पुरं आता, बाहेर ये. बोटं निळी पडली तुझी. भाकर गार होतीय." मी वायर तशीच गंजावर आवळली. पुढच्या वेळी घासू, असं मनात म्हणालो.

बाहेर येऊन मी आयला केबिनमध्ये चढवलं आणि बटण दाबायला सांगितलं. ती नको नको म्हणत होती. मग एका बोटाने तिने ते दाबलं आणि पहिल्याच झटक्यात इंजिन लागलं. ती दचकली, नंतर पदर तोंडाला लावून हसत राहिली. त्या संध्याकाळी बाने गाडी उतारावर लावली नाही. चढून थेट घरासमोरच्या अंगणात, सपाटीला आणून उभी केली आणि आयला म्हणाला, "आता तुला थंडीत दगडापाशी यायला नको." मी ते पाहून चारच्या एसटीऐवजी शेवटच्या एसटीने निघालो.

वीस-बावीस दिवसांनी दुकानासमोरच्या एसटीडी बूथवर फोन आला. त्या आठवड्यात थंडी फार पडली होती. सकाळी आयचा श्वास अडकला. बाने तिला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि बटण दाबलं. सेल्फ नुसता टक वाजला. पुन्हा दाबलं, पुन्हा टक. अंगणापासून उतार वीस पावलांवर. पण भरल्या गाडीला ढकलायला आठ-दहा गडी लागतात, आणि दिवाळीनंतर पाड्यावर गडी असतात कुठे? सगळे बागांवर गेलेले. मागे राहिलेल्या पाच-सहा म्हाताऱ्या आणि बा. त्यांनी आधी भाताची पोती उतरवली, मग गाडी ढकलली. निम्मं अंतर कापलं तेव्हा एकीने केबिनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, थांबा आता.

तिसऱ्या दिवशी मी त्या गाडीखाली गेलो. ती अजून तिथेच होती, अंगण आणि उतार यांच्या मध्ये. अर्थिंगचा बोल्ट सोडला तर खाली दव पिऊन फुगलेला तांबडा गंज. दुसरं काही बघायची गरज नव्हती. खिशात तोच पॉलिश पेपर होता. मी घासलं, लोखंड उजळ होईपर्यंत घासलं, वायर आवळली, वर चढून बटण दाबलं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. घरातल्या बायकांचं रडणं एकदम थांबलं. बा बाहेर आला.

"लागली?" त्याने विचारलं. "काय झालं व्हतं?"

मी म्हणालो, "बॅटरी गार पडली होती."

त्याने उताराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मंग माझंच चुकलं. उतारावं लावली असती तर गाडी निघाली असती." तेव्हा मला वाटलं, खरं काय ते उद्या सांगू. पण त्या उद्याचा दिवस मी पुढे ढकलत राहिलो, तो आजपर्यंत.

बाने त्यानंतर गाडी सोडली. पुढे मी पेठ रोडला स्वतःचं दुकान टाकलं आणि त्याला नाशिकला आणलं. सहा वर्षं तो माझ्याकडे होता. संध्याकाळी माझा टेम्पो दुकानापुढे उभा राहिला की तो कुठून तरी वीट शोधून चाकापुढे ठेवायचा, सपाट डांबरी रस्त्यावर. शेजारी हसायचे. मी ती वीट कधी काढली नाही. कधीमधी जेवताना तो एकदम म्हणायचा, "माझी अक्कल कुठं गेली व्हती रं तवा?" मी म्हणायचो, जाऊ दे बा. याहून नीच वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात निघालेलं नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी तो गेला, तीच चूक आपली समजून गेला.

या दिवाळीला पाड्यावर आलो तेव्हा पेठहून एका जीपमध्ये बसलो. ड्रायव्हर पलीकडच्या पाड्यावरचा, विशीतला, मला ओळखत नव्हता. वर पोचल्यावर त्याने जीप उतारावर लावली. मी सहज म्हणालो, सेल्फ चांगला आहे की, सपाटीला लाव. तो म्हणाला, "नाय बा. हितं सोमा ड्रायव्हरनं गाडी सपाटीला लावली आन् बायको घालवली. आमच्याकडं लेकरांनाबी ठाव हाय." मी भाडं दिलं आणि उतरलो. सोमा ड्रायव्हरचा मुलगा आपणच, एवढंही माझ्याच्याने सांगवलं नाही.

म्हणून हे लिहितोय, पाड्यावर राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांसाठीही. लोक मला विचारतात, आता घर कुठलं, नाशिक की पाडा? नाशिकला माझं दुकान आहे, बायकापोरं आहेत, झोप मात्र लागत नाही. माझं घर म्हणजे अंगणापासून उतारापर्यंतची ती वीस पावलं, आणि मी अजून त्यांच्या मध्येच उभा आहे. दगड अजून उताराशी पडलेला आहे. या खेपेला मी तो उचलून पाहिला. मला वाटलं होतं त्याहून तो खूप जड होता.

हे पाड्यावर कोणीतरी मोठ्याने वाचा. त्या जीपवाल्यालाही बोलवा. सेल्फ मी बसवला होता, गंज मला दिसला होता, आणि तो मी घासला नाही. यापुढे सोमा ड्रायव्हरची गोष्ट सांगायचीच असेल तर एवढं बरोबर सांगा, की त्याने गाडी चुकीच्या जागी लावली नव्हती. त्याने ती आयच्या दारात लावली होती.