मशीनच्या पोटातला आवाज

लग्नात माईक दिसला की मी सोडत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ही गोष्ट मी कुठल्याच मांडवात सांगितली नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

माझ्या भाच्यानं जालन्यात राखण करणारे रोबोट बनवायची कंपनी काढली. चार चाकं, वर कॅमेरा, दिसायला घरातल्या कूलरसारखा. मला त्यातलं काय कळतंय? पण बोलता येतं, म्हणून जाहिरातीचं काम माझ्याकडे आलं. रोबोट इंग्रजीत दरडावायचा. शेरडंसुद्धा जागची हलत नव्हती. मी म्हणालो, आवाज आपल्याकडचा पाहिजे.

मला दामूबाबा आठवले. जाफराबादच्या एका शेठजींच्या बियाण्याच्या गोदामावर वीस वर्षांपासून वॉचमन. त्यांनी "कोण हाय रे तिकडं?" म्हटलं की ट्रकवालासुद्धा इंजिन बंद करायचा. त्यांचा आवाज भरून घ्यायला मी गोदामावर गेलो, मोबाईल पुढे धरला.

"भाऊ, हे कशापायी?"

"तुमच्या जोडीला मशीन येऊन राह्यली, बाबा. तुम्हाला आराम."

जोडीला. आदल्याच दिवशी मी पत्रक छापायला दिलं होतं — 'आता वॉचमनची गरज नाही.' शब्द माझेच. दामूबाबांना वाचता येत नाही, हेही ठाऊक होतं. यालाच मी हुशारी म्हणत होतो? ते बिचारे मधे मधे पाणी पिऊन विचारत होते, "अजून जोरात घिऊ का?"

मंग एका दुपारी गोदामावर प्रात्यक्षिक झालं. चार व्यापारी, दोन पत्रकार. रोबोट ओरडला आणि शेठजी हसले. "आवाज तर आपल्या दामूसारखा लागून राह्यला."

दामूबाबा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभे. मला नुसतं हो म्हणायचं होतं. पण म्हाताऱ्याचा आवाज भरलेलं खेळणं कोण विकत घेईल — एवढंच डोक्यात आलं.

"बिलकुल न्हाई, शेठजी. कंप्युटरनं तयार केला."

शेठजी वळले. "काय रे दामू?"

दामूबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मंग म्हणाले, "न्हाई शेठ. म्या कुठं असा वरडतो?"

सगळे हसले. मीही हसलो — सगळ्यांत जोरात.

शेठजींनी दोन मशीन घेतल्या, बाकीच्यांनी मशीनसाठी नावं नोंदवली, पेपरात माझा फोटो आला. महिन्याभरात दामूबाबांना घरी बसवलं. मी शेठजींना एक फोन करू शकलो असतो. केला नाही.

मागच्या आठवड्यात जाफराबादला मी प्रवाशांची जीप पकडायला गेलो, ती गच्च भरली होती. आत दामूबाबा. कुठं तरी रोजानं कामाला जाऊन राह्यले होते. मला वाटलं, तोंड फिरवतील. फिरवलं असतं तर बरं झालं असतं.

"भाऊ, मशीन बराबर चालू हाय ना?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी मांडीवरचा डबा उचलून छातीशी धरला, सरकून माझ्यासाठी जागा केली. आणि मी बसलो.