फळ्यावरची उभी रेघ

विमलताई फळ्यावर एक अक्षरही लिहिण्याआधी मधोमध उभी रेघ मारायच्या. खडूच्या भुकटीत घोळवलेला दोरा वरून खालपर्यंत ताणायचा, मध्ये चिमटीत धरून ओढायचा आणि सोडायचा. काळ्या फळ्यावर सरळ पांढरी रेघ उमटे. दोऱ्याचं खालचं टोक धरायचं काम पुष्कळदा माझ्याकडे असे. टोक जरा हललं की त्या म्हणत, "वहिनी, रेघ वाकडी झाली तं एकाची जागा कमी होते."

ईशान, परवा तू फोनवर सांगितलंस की तुमच्याकडे, तिकडे परदेशात, मतदानाआधी घरी एक जाड पुस्तिका येते. एखाद्या प्रस्तावाच्या बाजूनं कोण काय म्हणतं, विरोधात कोण काय म्हणतं, सगळं तीत छापलेलं असतं. आणि ते म्हणणं किती शब्दांत, कधीपर्यंत द्यायचं याचेही नियम असतात. तुला वाटलं, आजीला हे नवीन असेल. म्हणून तुझ्यासाठी आणि तुझ्या बहिणीसाठी, मीरासाठी, विमलताईंबद्दल लिहिते आहे. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही.

समुद्रपूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या शाळेत त्या शिक्षिका होत्या. बौद्ध मोहल्ल्यातून शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्या बाई. उंच, किडकिडीत, कडक इस्त्रीची सुती साडी. निवृत्त झाल्या तेव्हा आपली ग्रामसभा म्हणजे नुसता आरडाओरडा होता. ज्याचा आवाज मोठा, त्याचा ठराव. विमलताईंनी सरपंचांना सांगून प्रथा पाडली, की वादाचा ठराव असेल तर हात वर करायचे नाहीत, चिठ्ठ्या टाकायच्या. आणि त्याआधी आठवडाभर पंचायतीच्या दाराशी फळा लावायचा. रेघेच्या डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी. दोघांना ओळी सारख्या. खाली सही पूर्ण नावाची. मजकूर शनिवारी सूर्य मावळायच्या आत त्यांच्या हाती पोचला पाहिजे. कुणाला शिवी नाही, टोमणा नाही. "माणसावर नाई लिहायचं, कामावर लिहायचं," हे त्या इतक्यांदा म्हणत की पोरं त्यांची नक्कल करायची.

आणखी एक नियम होता, पण त्याची वेळ कधी आली नव्हती. एका बाजूचं म्हणणं आलंच नाही, तर दुसरीचंही लावायचं नाही.

मग पाण्याच्या टाकीचा ठराव आला. शेवटच्या मोहल्ल्यात नळाला पाणी चढत नव्हतं. गावात पंचायतीची उंच जागा एकच, आणि तिच्यावर वाचनालय उभं. ते विमलताईंनी वर्धेला खेटे घालून मंजूर करून आणलेलं. घरात ज्यांना कोपरा मिळत नसे अशा मुली तिथे भरतीच्या परीक्षांचा अभ्यास करत. टाकी हवी तर वाचनालय पाडावं लागणार होतं.

वाचनालय वाचवण्याच्या बाजूनं विमलताईंनी स्वतः लिहिलं. टाकीच्या बाजूनं मारोतराव लिहिणार होता. तो शेवटच्या मोहल्ल्यातला, तोंडाचा तिखट. त्याची म्हातारी आई कमरेवर पाण्याचा गुंड, म्हणजे घागर, आणून आणून वाकली होती. शनिवारी दुपारी त्यानं कागद आणला. पहिलीच ओळ होती, 'बाईले वाचनालयाच्या नावानं मिरवाचं हाय.'

विमलताईंनी कागद परत दिला. "माह्यं नाव काढा, मारोतराव. पाणी लिहा. तुमच्या मायच्या कमरेचं लिहा."

"तुमचाच फळा, तुमचाच नियम. आमी काय लिहावं तेही तुमीच सांगा आता," असं म्हणून तो पाय आपटत गेला.

आम्ही दोघींनी रेघ मारली. ताईंनी डावीकडे आपल्या ओळी सुरेख अक्षरात लिहिल्या. मारोतराव परत आला तेव्हा सूर्य बुडाला होता, आकाशात उजेड तेवढा होता.

"उजेड हाय अजून," तो म्हणाला.

"उजेड हाय. दिवस बुडाला."

आमच्या बाजूची माणसं हसली. कुणीतरी म्हणालं, "चला बाप्पा, वाचनालय वाचलं." तेवढ्यात ताईंनी बादलीतलं फडकं पिळलं आणि स्वतःच्या ओळी पुसायला सुरुवात केली.

मारोतरावच पुढे झाला. "काऊन पुसून राह्यल्या, बाई? उशीर म्या केला."

"एकाच बाजूचं वाचून लोक मत देत नाई, मारोतराव. होकार देते."

आठवडाभर फळ्यावर ती एकटी रेघ होती. रविवारी चिठ्ठ्या मोजल्या, थोडक्या मतांनी टाकी जिंकली. ताईंनी वाचनालयाची किल्ली स्वतः पंचायतीत नेऊन दिली. पुस्तकं त्यांच्या ओसरीत आली. कपाटं मारोतरावानं आपल्या बैलबंडीतून आणली. उतरवताना तो म्हणाला, "त्या दिवशी माह्यं घेतलं असतं तं तुमचंही राह्यलं असतं. कोणी सांगावं, वाचनालयही राह्यलं असतं."

"घेतलं असतं," त्या म्हणाल्या, "आन् पुढच्या खेपेले कोणाचं घ्याचं, कोणाचं नाई, हे मीच ठरवत बसली असती."

त्या ओसरीत मुली शेवटपर्यंत येत राहिल्या; जागा मात्र कधीच पुरली नाही. गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. शोकसभेसाठी सरपंचांनी तोच फळा काढला. दोऱ्याचं खालचं टोक मी धरलं. डावीकडे त्यांचे गुण लिहिले गेले, आणि उजवी बाजू कोरी राहिली.

मारोतराव आला आणि त्यानं खडू उचलला.

"मेलेल्या माणसाच्या विरोधात लिहितं का कोणी?" सरपंच म्हणाले.

"मंग डावीकडचंही पुसा."

सरपंच बाजूला झाले. मारोतरावानं टाकीच्या मागे कललेल्या सूर्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "दिवस हाय नं, वहिनी?"

"आहे. लिहा."

त्यानं सावकाश लिहिलं, 'बाई हट्टी होत्या. त्यायनं फळा पुसाले नव्हता पाह्यजे. पोरींचं वाचनालय त्याच्यानं गेलं, आन् आमी ते परत बांधलं नाई.' खाली पूर्ण नाव घातलं, दोन्हीकडच्या ओळी बोटानं मोजल्या, आणि खडू माझ्या हातात दिला.